प्रतिभाच्या डोक्यातला भंडारा

माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या महाळुंगे पडवळात सगळे म्हणतात. म्हणू देत. जुन्नरच्या बाजारपेठेत वाढलेली बाई मी, घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही, मग कुणाचं ऐकून कशी घेईन? पण सत्त्याण्णव सालचा तो माघ महिना असा गेला की माझ्या तोंडाला कुलूपच लागलं होतं.

सुरुवात फणीपासून झाली. आमची प्रतिभा दहावीला होती. शाळेत जायच्या घाईत मी तिची वेणी घालायला बसले, तर मानेच्या वरच्या अंगाला फणी अडकली ती निघेचना. जोर लावला तर दात मोडले. मी दिला एक धपाटा पाठीत. "डोकं धुतीस का नुसतं पाणी दाखवतीस गं? घाण कुठली!"

"धुतीय की गं आई. धुतलं की जास्तच खाजतंय."

केस बाजूला केले आणि माझा हात तिथंच थांबला. बोटभर रुंदीचा केसांचा पट्टा एकमेकांना चिकटून दोरासारखा झाला होता. खाली कातडी लाल, आणि तिच्यावर पिवळट, तेलकट खपल्या. दिवाळीपासून पोरीच्या डोक्यात कोंडा होताच. मग तो भुवयांत उतरला, नाकाच्या कडेला आला, कानामागं चिरा पडल्या. मी आपली रोज खोबरेल चोपडत होते. जास्त खाजलं की जास्त तेल. आमच्याकडं सगळ्या दुखण्यावर पहिलं औषध तेच.

पण मला घोर लागला तो कोंड्यानं नाही. पोरगी गणपतीपासून बाजूला बसली नव्हती.

आधी वाटलं, येईल पुढच्या महिन्यात. दिवाळी गेली, संक्रांत आली. हनुवटीवर पुटकुळ्या, आणि त्यांच्यात काळे जाड केस उगवायला लागले. पोरगी अंगानंही सुटली. आईच्या मनात अशा वेळी काय येतं ते काय तोंडानं सांगायचं? ती न्हाणीतून आली की मी तिच्या पोटाकडं बघायची. शाळेतून यायला जरा उशीर झाला की दारात उभी राहायची. एक दिवस राहवेना. तिला गोठ्यात नेलं आणि हळूच विचारलं. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की म्हशीच्या पायाखाली जाऊन पडावं वाटलं.

"आई, तू माझ्याबद्दल असं धरलंस व्हय?" एवढंच म्हणाली आणि रडत बसली. माझा तिच्यावर विश्वास होता. पण विश्वासानं पाळी थोडीच येते?

त्याच दिवसांत सासूबाईंनी पोरीच्या डोक्यातला तो गुंता बघितला.

आमच्या सासूबाई, धोंडाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्या स्वतःच्या डोक्यात चाळीस वर्षांची जट. मनगटाएवढी जाड, अंबाड्यासारखी गुंडाळलेली, वर पदर. मंगळवारी बायका येऊन त्यांच्या पाया पडायच्या, जटेला हळदीकुंकू लावायच्या. आत्याबाई सगळ्यांशी हसून बोलायच्या आणि बायका गेल्या की पोती शिवायचा दाभण जटेत खुपसून बराच वेळ खाजवत बसायच्या. तो दाभण त्यांच्या डोक्यातच असायचा. माझ्या लग्नानंतर मला वाटलं होतं, हाही देवीचाच काही प्रकार असेल.

त्यांनी प्रतिभाला उन्हात बसवली, केस फाकवले, पिवळ्या खपल्या नखानं काढून तळहातावर घेतल्या आणि कपाळाला लावल्या.

"शेवंता, ह्यो कोंडा न्हाई. भंडारा हाय ह्यो! आईनं पोरीच्या डोक्यात भंडारा उधळलाय. आता हिला फनी लावायची न्हाई. डोस्क्यावरनं पानी घ्यायचं न्हाई."

"आन पाळीचं वो?" मी विचारलं.

"देवीनं घेतली तिला. मंग कशाला बसंल बाजूला?"

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. माझ्या मनात जे होतं त्यापेक्षा देवी परवडली. त्या दिवशी मी चांगली जेवले. दुसऱ्या दिवशी कळलं आपण काय गिळलंय ते.

आत्याबाईंनी ठरवून टाकलं. माघी पौर्णिमेला प्रतिभाच्या जटेची पूजा करायची, मळवट भरायचा आणि तिच्या हातात परडी द्यायची. परडी म्हणजे जोगवा मागायची टोपली. एकदा ती हातात आली की जन्माची. कसली दहावी आणि कसलं लग्न! बातमी गावभर झाली. शेजारच्या प्रयागबाई नारळ घेऊन आल्या आणि माझ्या लेकीच्या पायावर डोकं ठेवायला लागल्या. प्रतिभा पाय पोटाशी ओढून भिंतीला टेकली. कालपर्यंत हीच प्रयागबाई तिला 'ए बोंबले' म्हणून हाक मारायची.

न धुतल्यानं दोराचा दोरखंड झाला. वास यायला लागला. वर्गात पोरी तिच्या बाकावर बसेनात. पोरगी घरी येऊन भूमितीचं पुस्तक उघडायची आणि एका हातानं डोकं धरून बसायची.

मी ह्यांच्याशी बोलले. आमचे हे, भगवंत, प्रतिभाचे अण्णा, टेम्पो चालवतात. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर भरून संध्याकाळी वाशीच्या मार्केटला जायचं आणि सकाळी दहाच्या आत घरी. स्वभावानं गरीब माणूस. माझ्यापुढं बोलत नाही आणि आईपुढं तर नाहीच नाही.

"आईचं ऐकावं," हे म्हणाले. "भागूचं माहीत हाय ना तुला?"

माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. भागू ही ह्यांच्या आधी झालेली आत्याबाईंची मुलगी. आत्याबाईंच्या डोक्यात जट धरली तेव्हा त्या विशीतल्या असतील, भागू नुकती पळायला लागलेली. खाज सोसवेना म्हणून आत्याबाईंनी ओढ्यावर बसून रॉकेल लावून जट सोडवली. त्याच आठवड्यात भागूला ताप भरला आणि ती गेली. त्यांच्या मोठ्या जावेनं भर अंगणात सांगितलं, "फनी लावलीस आन लेक खाल्लीस." केस पुन्हा गुंतले, ते आत्याबाईंनी पुन्हा कधी सोडवले नाहीत. पुढं हे झाले. ह्यांच्या जिवासाठीच आत्याबाई ती जट डोक्यावर वागवत होत्या. म्हणून सांगते, त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. दुष्ट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं, मी चार शब्दांत त्यांना गप्प केलं असतं.

माघाचं हळदीकुंकू हे मला चांगलं निमित्त सापडलं. भावाकडं जाते म्हणून प्रतिभाला घेतलं, कळंबला एसटी धरली आणि नारायणगाववरून जुन्नर गाठलं. पोरगी सबंध रस्ता डोक्याला स्कार्फ बांधून खिडकीला चिकटून बसली होती. माझ्या वहिनीनं आधीच सांगून ठेवलं होतं, पुण्याच्या एक बाई डॉक्टर आठवड्यातून एकदा जुन्नरला येतात, कातडीच्या.

डॉक्टरीणबाईंनी स्कार्फ सोडला, पण नाक मुरडलं नाही. तिथंच माझा जीव थोडा खाली पडला. भिंग लावून डोकं, भुवया, नाकाची कड, कानामागचं सगळं बघितलं. एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते काही मला धरता आलं नाही.

"कोंड्याचाच मोठा भाऊ समजा," त्या म्हणाल्या. "कातडी तेलकट असली की तो माजतो. त्यात तुम्ही वरून तेल घालताय. खपल्या आणि तेलानं केस चिकटले, विंचरायचं बंद केलं, म्हणून गुंता झाला. याच्यात देवाधर्माचं काही नाही."

मग त्यांनी हनुवटीवरचे केस बघितले आणि पाळीचं विचारलं. मी प्रतिभाकडं बघितलं, प्रतिभानं माझ्याकडं. गोठ्यातलं ते बोलणं आमच्या दोघींत अजून तसंच होतं.

त्यांनी चिठ्ठी देऊन सोनोग्राफीला पाठवलं. तिथं बाहेरच्या बाकावर मी देवीचं नाव घेत बसले होते, कुणाला सांगू नका. फोटो घेऊन परत गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटात काही भलतंसलतं नाही. अंडाशयावर बारीक बारीक पाण्याचे फोड दिसताहेत. अंगातले रस कमीजास्त झाले की असं होतं. मग पाळी लांबते, पुटकुळ्या येतात, असे केस येतात, वजन वाढतं. कातडीही तेलकट होते. डोक्याचा त्रास सगळा यामुळंच असेल असं मी म्हणणार नाही, पण अशा मुलींत हे सोबत दिसतं. डोक्याचं औषध मी देते. पाळीसाठी बायकांच्या डॉक्टरला दाखवा, टाळू नका. आणि हिला झोपू द्या, घाबरवू नका. काळजीनंही हे वाढतं."

"भलतंसलतं नाही" हे ऐकलं आणि मी त्या अनोळखी बाईपुढं पदर डोळ्याला लावला. प्रतिभानं माझा हात धरला. कुणी कुणाला धरायला पाहिजे होतं, आणि कुणी धरलं!

"आणि ती जट कापावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाली जखम पिकलीय. आत्ताच कापू?"

प्रतिभा झटकन मागं सरली. "नको. अण्णा गाडीवर हायेत."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. मला कळलं. भंडारा पोरीच्याही डोक्यात आतपर्यंत गेला होता. आणि खरं सांगते, मीही 'कापा' म्हणाले नाही. औषधी शाम्पूची बाटली आणि गोळ्या घेतल्या आणि गुपचूप घरी आले.

ती बाटली डाळीच्या डब्यात दडवून मी दिवस ढकलत होते. पौर्णिमा जवळ आली. आत्याबाईंनी नवी परडी आणून देव्हाऱ्यापाशी ठेवली. मी केर काढताना ती परडी उचलायची आणि परत ठेवायची. कापलं आणि ह्यांना काही झालं तर? नाही कापलं तर पोरगी जन्माची गेली. स्वयंपाक करताना, धारा काढताना, हेच. मीठ दोनदा पडायला लागलं आमटीत.

पौर्णिमेच्या आधीचा मंगळवार. हे आदल्या संध्याकाळी माल भरून गेलेले. सकाळी आत्याबाई देवळात गेल्या. प्रतिभा चुलीपुढं अभ्यासाला बसली होती आणि पेन्सिलीच्या टोकानं डोकं खाजवत होती. डोळे मिटून, ओठ दाबून, थेट आत्याबाई दाभणानं खाजवायच्या तशी. ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षांनी हीच पोरगी ओसरीवर दाभण घेऊन बसलेली मला दिसली.

"ऊठ," मी म्हणाले. "न्हाणीत चल."

"आई, अण्णा येऊ देत आधी."

"आज आल्यावर उद्या परत जात्यातच ना गाडीवर? कधी कापू मग, ते म्हातारे झाल्यावर?"

गोधड्यांची कात्री घेतली. जट इतकी घट्ट होती की कात्री चावत चावत न्यावी लागली. प्रतिभा दोन्ही मुठी आवळून "अण्णा, अण्णा" म्हणत होती. शेवटचे केस तुटले आणि ती वस्तू माझ्या हातात आली, मेलेल्या घुशीसारखी जड. ती वर्तमानपत्रावर ठेवली. मग शाम्पू लावून डोकं धुतलं. पिवळं पाणी मोरीतून वाहत गेलं. पोरगी म्हणाली, "आई, गार वाटतंय गं," आणि हसली. किती दिवसांनी हसली!

तेवढ्यात आत्याबाई दारात आल्या.

मी तयारीत होते. शिव्या दे, शाप दे, माझ्याकडं सगळ्याला उत्तर होतं. पण त्यांनी वर्तमानपत्रावर बघितलं, प्रतिभाच्या डोक्याकडं बघितलं, चेहरा पांढरा फटक पडला.

"भगवंता आला का?" त्यांनी विचारलं.

"येतील आता."

त्या ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसल्या. दहा वाजले. टेम्पो आला नाही. अकरा वाजले. मी भाकरी थापत होते, एकही गोल येईना. रस्त्यावर कुठलंही इंजिन वाजलं की आम्ही तिघी एकदम माना वर करायचो, आणि ती कुणाची तरी मोटरसायकल निघायची.

बाराच्या सुमाराला प्रयागबाई आल्या. "शेवंता, ऐकलंस का गं? खंडाळ्याच्या घाटात टेम्पो पलटी झालाय म्हनं, भाजीचा. कळंबला कुनीतरी सांगत व्हतं."

"कुणाचा?"

"ते काय ठावं न्हाई. मंचरकडचा हाय म्हनत्यात."

मी धावत फोनच्या बूथवर गेले. वाशीच्या गाळ्यावर घंटी नुसती वाजत राहिली. परत आले तर प्रतिभा न्हाणीच्या दारात उभी. हातात ते वर्तमानपत्र.

"आई, परत चिकटवता यील का गं?"

देवा रे! त्या पोरीला मी काय सांगणार होते? डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. मी देव्हाऱ्यापुढं गेले आणि म्हणाले, "आई, चूक माझी, पोरीची न्हाई. त्यांना आण. मी परडी घेते. मी धरते जट, माझ्या डोक्यात घाल." जुन्नरच्या बाजारात भल्याभल्यांना ऐकवणारी मी, नाक घासत होते. मागं वळले तर आत्याबाई उंबऱ्यात. माझ्याकडं बघत होत्या, पण राग नव्हता. त्या जवळ आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मी बी असंच म्हनले व्हते," त्या म्हणाल्या. "भागूला मांडीवर घिऊन."

आणि बाहेर हॉर्न वाजला.

आमचाच. मला तो झोपेतही ओळखू येतो. मी धावले, प्रतिभा माझ्या पुढं. हे टेम्पोतून उतरले, धुळीनं भरलेले, डोळे तांबारलेले, आणि वैतागून म्हणाले, "काय जत्रा भरलीय दारात? घाटात कुनाची तरी गाडी आडवी पडली, चार तास एका जाग्यावर. त्या डायवरला खरचटलं बी न्हाई आन आमी उपाशी मेलो. जेवाया वाढ."

मी त्यांना मारायचीच बाकी होते. रडत रडत ताट वाढलं. ह्यांनी प्रतिभाकडं बघितलं, हात थांबला. कापलेले केस, धुतलेलं डोकं. मग हळूच तिला जवळ ओढलं आणि म्हणाले, "दुखतंय का गं अजून?"

"न्हाई अण्णा. कमी खाजतंय."

ह्यांनी आईकडं बघितलं. आत्याबाई ह्यांच्यासमोर येऊन बसल्या. लेकाच्या तोंडावरून, खांद्यावरून, हातांवरून हात फिरवला, बाजारात जनावर बघावं तसं सगळं चाचपून बघितलं. कुठं काही नव्हतं. धडधाकट माणूस, तोंडात भाकरीचा घास.

मला वाटलं आता त्यांना बरं वाटेल. पण त्यांचा चेहरा ढासळत गेला.

"भगवंता," त्या म्हणाल्या, "तुला तर कायबी झालं न्हाई."

"मला काय व्हनार हाय, आई?"

"मंग माजी भागू कशानं गेली?"

ह्यांनी घास गिळला तो मला ऐकू आला. माझ्याकडं सगळ्याला उत्तर असतं ना, मग दे की आता, असं मी मनात स्वतःला म्हणाले. आत्याबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

"तापानं गेली, आत्याबाई. पोरं जायची तवा तापानं. तुमी काय नव्हतं केलं."

त्यांचा हात सवयीनं डोक्याकडं गेला, दाभण निघाला, आणि तसाच बोटांत राहिला.

"मंग मला तवा कुनी का न्हाई सांगितलं गं?" त्या म्हणाल्या. "मी तिच्यासाठी रडले बी न्हाई. मारनारीनं कसं रडायचं?"

आणि माझ्या मांडीवर डोकं टाकून, त्या जटेसकट, त्या चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या लेकीसाठी मोठ्यानं रडायला लागल्या.